कूलर कोणाचा

सरकारला एकदा गरिबी हटवायची हुक्की आली. गरिबी हटवणं फार कटकटीचं, म्हणून त्यानं गरीब हटवायला घेतले. बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. वेचणी धड झालीच नाही म्हणून बायांना मजुरी नव्हती, विहिरींनी तळ गाठला होता, आणि नेमक्या त्याच वेळी वर बसलेल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं की फुकटचं खाणारे फार माजलेत. तिजोरीत खडखडाट आहे, तर पिवळी कार्डं छाटा. आमच्या तालुक्यातून किती छाटायची तो आकडासुद्धा येऊन पडला होता. कुणाची छाटायची, एवढंच ठरायचं बाकी होतं.

पिवळं कार्ड म्हणजे कंट्रोलच्या दुकानातून महिन्याला पस्तीस किलो गहू-तांदूळ, जवळजवळ फुकट. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी माहीत करून घेऊ नये, त्यांचं पोट भरलेलं आहे.

छाटायचा नियम मोठा मजेदार होता. घरात कूलर, फ्रिज, टीव्ही, दिवाण, मोटरसायकल यांतलं एक जरी सापडलं तरी तुम्ही गरीब नाही. हा नियम ज्यानं लिहिला त्याच्या डोक्यावर एसी चालू होता, यावर मी माझी दाढी पैजेला लावतो. मे महिन्यात अंजनगावकडं टिनाच्या घरात दुपारी एक तास बसून दाखव म्हणावं, मग कूलरला चैन म्हण.

मी अब्दुल रहीम. उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करतो, हिवाळ्यात गाद्या भरतो, आणि बारा महिने लोकांना नावं ठेवतो. माझ्या जिभेला हाड नाही असं गल्ली म्हणते, आणि ते खरं आहे. गल्लीत नावं ठेवण्यासारखी माणसंच इतकी, की मला दुसरा उद्योग नसता तरी चाललं असतं. माझ्या घरात एक कूलर आहे. तो कंपनीतून आलेला नाही. एकाचा पत्रा, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याचा टुल्लू पंप, असे तीन मेलेले कूलर जोडून मी तो उभा केला. आवाज पिठाच्या गिरणीसारखा करतो, पण हवा थंडगार देतो.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की ती मुलगी त्या दिवसापुरती सगळ्या गल्लीची होते. ज्याच्या घरात जे बरं असेल ते उचलून तिच्या घरात नेऊन मांडायचं. हिंदू असो की मुसलमान, सगळ्यांकडे हेच. कुणी हे बोलून दाखवत नाही, कुणी कुणाला विचारत नाही. पाहुणे निघून गेले की आपापली वस्तू घेऊन घरी यायचं. माझ्या कूलरनं अशा सहा मुली उजवल्या आहेत, त्यातल्या दोन माझ्याच. मुलीच्या सासरी पुढे कळतंच की कूलर तिच्या बापाचा नव्हता, पण त्यांनीही आपल्या मुलीच्या वेळी हेच केलेलं असतं, म्हणून तोंड मिटून बसतात.

या खेपेला पाळी वच्छलाबाईच्या प्रतीक्षाची होती. वच्छलाबाई आमच्यापासून चार घरं पुढे, गल्लीच्या टोकाला राहते. नवरा अंजनगावच्या बाजारात भाजी विकायचा, आठ वर्षांपूर्वी काविळीनं गेला. ती पानमळ्यात रोजानं पानं खुडायची. त्या वर्षी पाण्यावाचून मळे वाळले आणि तेही काम गेलं. मग घरात उरलं काय, तर पिवळं कार्ड. मायलेकी त्या पस्तीस किलोवर जगत होत्या, दुसरं काही नव्हतं. हे मला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, कोतवालाला माहीत होतं.

कार्डांची तपासणी शुक्रवारी होणार असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं. तेव्हा गल्लीनं ठरवलं, पिवळ्या कार्डवाल्यांकडे असल्या वस्तू मोजून तीनच, त्या गुरुवारी शेतातल्या खोपीत नेऊन लपवायच्या. पाहुणे यायचे होते बुधवारी. त्यामुळे बुधवारी सगळ्या वस्तू वच्छलाबाईकडे आणि गुरुवारी शेतात, असं सगळं कसं बेतशीर बसलं होतं. सरकारी माणूस सांगितलेल्या दिवसाआधी येईल ही शंका कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सांगितलेल्या दिवशीसुद्धा तो कधी आलेला आम्ही पाहिला नव्हता.

बुधवारी सकाळी समोरच्या शेषरावानं आपला दिवाण चौघांकडून उचलवला आणि स्वतः पुढे चालत राहिला, जणू वरात त्याचीच. त्याचा टीव्हीही गेला. तिथे केबल नव्हतं म्हणून तो नुसताच कपडा घालून ठेवला. माझी बायको रईसा हिनं फुलांच्या कपबशा दिल्या. शेजारच्या जमुनाबाईनं लेकीच्या लग्नातली साडी दिली. मी कूलर खिडकीत बसवला, बाजूच्या गवताच्या ताट्या ओल्या केल्या, टाकी भरली. दहा वाजता पाहुणे अकोल्याहून जीप करून आले. मुलाचा बाप खुशालराव, मुलगा गोपाल आणि दोन बाया. खुशालराव आल्या आल्या दिवाणावर आडवा पसरला आणि कूलरकडे तोंड करून म्हणाला, "वा! हवा मस्त फेकून राहिला बावा तुमचा कूलर."

"हाव जी," वच्छलाबाई पदर सावरत म्हणाली.

माझ्या छातीत मोठेपणा मावेना. अंगावरचा कुर्ता घामानं भिजला होता, म्हणून तो बदलायला मी घरी आलो.

कुर्त्याची बटणं लावतो न लावतो तोच दारात कोतवाल देवमन उभा. त्याच्या मागे एक तिशीच्या आतला पोरगेला साहेब, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. तपासणीवाला. कंत्राटावर नेमलेला होता आणि दिवसाला इतकी घरं उरकायची होती, म्हणून बिचाऱ्यानं शुक्रवारचं काम बुधवारीच काढलं होतं. सरकारात एक माणूस वेळेआधी काम करणारा निघाला, आणि तो नेमका आमच्या नशिबी.

"कूलर आहे?" त्यानं विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

सरकारशी इतकं धडधडीत खरं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. त्यानं आत येऊन पाहिलं. कूलरच्या जागी भिंतीवर नुसता ओलीचा डाग होता. घराचा फोटो काढला आणि एक कागद पुढे केला. वरीलपैकी कोणतीही वस्तू माझ्या मालकीची नाही, खोटं आढळल्यास कार्ड रद्द होऊन कारवाई होईल, वगैरे. मी झोकात सही ठोकली. रईसा पडद्याआड तोंडाला पदर लावून हसत होती, मलाही हसू आवरत नव्हतं. समोरच्या घरात शेषरावानं हीच सही केली. बाहेर येऊन त्यानं मला डोळा मारला. सरकारला कसं गंडवलं, या खुशीत आम्ही दोघं म्हातारे गल्लीत उभे होतो.

मग साहेबानं देवमनला विचारलं, "आता या गल्लीतलं शेवटचं कुठलं घर?" आणि देवमननं वच्छलाबाईच्या घराकडे बोट दाखवलं.

आमची खुशी तिथेच वाळली. देवमनला सगळं माहीत होतं. सकाळी दिवाणाचा एक पाय त्यानंच धरला होता. पण ते घर टाळून साहेबाला दुसऱ्या वाटेनं न्यायची अक्कल कोतवालाच्या नोकरीत कुठून यायची? साहेबानं पुढे हो म्हटलं की तो पुढे होतो. आम्ही मागोमाग धावलो. कशाला धावलो ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

आत पोह्यांच्या बशा नुकत्याच फिरल्या होत्या. प्रतीक्षा जमुनाबाईच्या साडीत मान खाली घालून बसली होती आणि पाहुण्यांतली एक बाई तिला किती शिकली ते विचारत होती. साहेब दारातून आत आला, आणि वच्छलाबाई काय म्हणाली असेल? म्हणाली, "या साहेब, बसा. प्रतीक्षा, साहेबाले पोहे दे." घरी आलेल्या माणसाला आधी खायला घालायचं आणि मग तो कोण ते विचारायचं, असला आमचा वऱ्हाडी खाक्या. त्या खाक्यानं आमचं जितकं वाटोळं केलं तितकं बोंडअळीनंही केलं नसेल.

साहेबानं पोहे घेतले नाहीत. त्यानं फोटो काढले. कूलर, दिवाण, कपडा घातलेला टीव्ही. मग मोबाइलवर बोट चालवत विचारलं, "पिवळ्या कार्डावरच्या वच्छला तुम्हीच ना? या वस्तू तुमच्याच?"

खुशालरावानं बशी खाली ठेवली. "पिवळं कार्ड?" तो म्हणाला.

वच्छलाबाई उभी होती तिथेच उभी राहिली. माझ्या म्हणावं तर कार्ड जातं, माझ्या नाहीत म्हणावं तर पाहुणे जातात. मला तिचा चेहरा दिसत होता. एका बाजूला दोघींचं पोट आणि दुसऱ्या बाजूला लेकीचं घर, आणि मोजायला तिला एक श्वास एवढाच वेळ.

"हाव," ती म्हणाली. "आमच्याच हायत."

तिनं लेकीचं घर निवडलं होतं. साहेबाचं बोट मोबाइलवर टेकणार, एवढ्यात प्रतीक्षा बोलली.

"नाही जी. आमच्या नाहीत." तिनं मान वर केली. "दिवाण न टीवी शेषरावकाकाचे हायत. कूलर रहीमचाचाचा हाय. ह्या साडीपासून सारं उसनं हाय. आमच्या घरात चूल हाय न दोन पेट्या हायत, त्या आतमंदी पायून घ्या."

"प्रतीक्षा!" वच्छलाबाई ओरडली.

"आई, कार्ड गेलं तं खाशीन काय?"

खुशालरावाच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. साहेब वैतागला. त्याला अजून बरीच घरं करायची होती. "उसनं असा रकाना माझ्या ॲपमध्ये नाही," तो म्हणाला. "वस्तू समोर दिसते आहे, म्हणजे कुणाच्या तरी नावावर टाकावी लागणार. मालक कोण ते सांगा, त्याच्या नावावर टाकतो. मला काय?"

त्याचा दोष नव्हता असं म्हणणारे म्हणतील. मी म्हणणार नाही. ज्या माणसाला डोळ्यांनी दिसतं आणि तरी मोबाइललाच विचारावं लागतं, त्याला दोन पायांवर चालतं केल्याचा देवालाही पश्चात्ताप होत असेल.

"शेषराव कोण?" त्यानं विचारलं.

शेषराव माझ्या शेजारी उभा होता. दिवाणाच्या पुढं ज्यानं सकाळी छाती काढून वरात नेली, तो शेषराव. "माह्याकडं कुठून आला साहेब टीवी?" तो म्हणाला. "आत्ताच तं तुमी माहं घर पायलं. तुमी सही घेतली न माही."

"देवमन?" साहेबानं विचारलं.

देवमननं टिनाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. "मले काय मालूम साहेब? मी कोनाच्या घरात जात नाही."

प्रतीक्षा माझ्याकडे वळली. तिला लहानपणी कडेवर घेऊन मी टुल्लू पंपातलं पाणी उडवून दाखवलं आहे. तिला खात्रीच होती. "चाचा," ती म्हणाली, "तुमी सांगा न. कूलर तुमचा हाय न?"

आता मी शेषरावाला आणि देवमनला इथवर जे बोललो ते सगळं परत घेत नाही. ती माणसं त्याच लायकीची आहेत. फक्त त्यांच्या रांगेत अजून एक नाव घालून घ्या. माझ्या डोळ्यांपुढे माझी सही आली, खोटं आढळल्यास कारवाई ही ओळ आली, रईसाचं दम्याचं औषध आलं, आमचे पस्तीस किलो आले. आणि मी माझ्या हातानं जोडलेल्या, माझ्या घरच्या खिळ्यांनी ठोकलेल्या कूलरकडे पाहून म्हणालो, "नाही बेटा. माझा कुठं हाय?"

ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

साहेबानं तीनही वस्तू वच्छलाबाईच्या नावावर टाकल्या आणि तिचा अंगठा घेतला. तिनं मुकाट्यानं दिला. एकदा हो म्हणाली होतीच.

मग खुशालराव उठला. आधी पोहे संपवले, दुसऱ्यांदा घेतलेले, आणि उठला. मला वाटलं, हा खोटेपणाबद्दल बोलेल, उसन्या दिवाणाबद्दल बोलेल. ते त्याला काहीच नव्हतं. चपला घालता घालता म्हणाला, "गरिबी कोनाच्या घरी नाही? आमी चालून घेतली असती. पन चारचौघात मायच्या तोंडावर बोलनारी पोट्टी आमाले नाही चालत." गोपाल नावाचा तो मुलगा बापाच्या मागे मान खाली घालून जीपमध्ये जाऊन बसला. असल्या मुलाच्या गळ्यात प्रतीक्षा पडली नाही हे तिचं नशीब, असं मी गल्लीत चार जणांना सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आम्हाला सगळ्यांनाच असं काहीतरी ऐकायला हवं होतं.

कार्ड गेलं आणि पाहुणेही गेले. एकाच दिवशी दोन्ही.

पुढचे तीन दिवस तपासणीवाले तालुक्यात फिरत होते, म्हणून वस्तू आणायला कुणीही गेलं नाही. कोण जाणार? आणायला गेलं म्हणजे मालक ठरलं. पंचेचाळीस अंशांत मी आणि रईसा कूलरशिवाय घामाघूम होऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी तपासणीवाले दर्यापूरकडे गेल्याची बातमी आली, तेव्हा एकेकजण खाली मान घालून वच्छलाबाईच्या दारात जाऊ लागला. मीही हातगाडी घेऊन गेलो. कूलर तिनं ओसरीत काढून ठेवला होता. पुसलेला होता.

"रहीमभाऊ," ती म्हणाली, "टाकीतलं पानी काढून टाकलं. ताट्याही वायवल्या. तशाच नेल्या असत्या तं सडल्या असत्या."

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. ही बाई चांगुलपणानं माणसाला सोलते.

जूनमध्ये कंट्रोलच्या दुकानावर नवी यादी लागली. आमच्या गल्लीत एकच नाव कापलं होतं. दुकानासमोरच्या रांगेत मी, शेषराव आणि देवमन एकामागे एक उभे होतो आणि सरकारला शिव्या देत होतो. शिव्या अगदी मनापासून देत होतो, त्यात खोट नव्हती. पिशव्या भरल्या आणि घरी आलो. रईसानं गहू डब्यात ओतले आणि चार घरं पुढच्या वच्छलाबाईच्या दाराकडे पाहत बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर, वाटीभर असे गहू पदराखाली घालून वच्छलाबाईकडे नेऊ लागली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि ते मी चांगलं केलं असं मला वाटायचं.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी प्रतीक्षा आली. ती आता अंजनगावला एका कापडाच्या दुकानात कामाला जात होती, तिथे निघतानाच आली होती. हातात कागद होता. तहसीलमध्ये अर्ज केला तर कार्ड परत चालू होऊ शकतं, असं तिला तिथल्या एका कारकुनानं सांगितलं होतं. फक्त वस्तू ज्यांच्या आहेत त्यांनी लिहून द्यायचं. तिनं सुबक अक्षरात लिहून आणलं होतं. सदर कूलर माझ्या मालकीचा असून पाहुण्यांसाठी एका दिवसाकरिता उसना दिला होता. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"बेटा," मी म्हणालो, "माझंही कार्ड जाईन न."

"मालूम हाय चाचा."

"शेषरावकडं गेली होती?"

"गेली होती. नाही म्हनले."

"मंग माझ्याकडं काहून आली?"

मला टोचायचं म्हणून ती बोलत नव्हती, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. "मी नाहीच येऊन राहिली होती," ती म्हणाली. "आई म्हने, त्या दिवशी चार लोकायत भेले असन. रहीमभाऊ तसा मानूस नाही. एकट्यात इचारून पाय."

रईसा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत मला हुकूम दिसला नाही, विनंतीही नाही. ती फक्त वाट पाहत होती.

मी कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणालो, "थांब, पेन आणतो."

आत गेलो आणि गाद्यांच्या कापसाच्या गठ्ठ्यांमागे उभा राहिलो. बाहेर रईसानं तिला चहा विचारला, ती नको म्हणाली. ती उभीच राहिली. मग अंजनगावच्या बसचा हॉर्न वाजला, आणि "येतो मी चाची," असं म्हणून ती गेली. तेव्हा मी बाहेर आलो. पेन माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि ते सुरुवातीपासून तिला दिसत होतं.